एटीआर ७२-६०० : पंख्याच्या विमानाचा रिव्ह्यू, खिडकीशेजारून

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू विमानाचा आहे, विमान कंपनीचा नाही. तिकीट कितीला पडलं, सँडविच गार होतं का, हे मला विचारू नका, आठवत पण नाही. मी विमानाच्या टाईपसाठी विमानात बसणारा माणूस आहे. १९९२ पासून एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवतोय, तारीख, कुठून कुठे, कुठलं विमान, शेपटीजवळचा व्हीटीने सुरू होणारा नंबर, आणि सीट. बायको त्या वहीला माझी दुसरी पत्रिका म्हणते. आत्तापर्यंत १३ टाईप झालेत, पण एक मित्र आहे तो म्हणतो १०च, कारण ७३७-२०० आणि ७३७-८०० त्याच्या मते एकच, आणि तिन्ही एटीआर पण एकच. मला हे मान्य नाही. २०० मध्ये बसलेला माणूस असं बोलूच शकत नाही.

कारण माझी पहिली नोंदच ती आहे. इंडियन एअरलाइन्स, बोईंग ७३७-२००, मुंबई ते तेव्हाचं औरंगाबाद, बाबांच्या एलटीसीवर. इंजिनं लांबट, सिगारसारखी, पंखाला खालून अगदी चिकटलेली, आणि आवाज असा की आईने कानात घातलेला कापूस मुंबई सोडायच्या आधीच पडला. उतरल्यावर इंजिनाच्या मागे दोन मोठी झाकणं उघडून झोत पुढे फेकायची, ब्रेकसारखी. मी खिडकीतून ते बघितलं आणि ओरडलो, इंजिन फुटलं! पुढच्या सीटवरचे काका मागे वळून म्हणाले, "बाळा, रोजच फुटतं." आत्ताच्या ७३७-८०० मध्ये कसलं काय, इंजिनाचं अर्धं कव्हर मागे सरकतं, तुम्ही मोबाईल चालू करेपर्यंत सगळं आटपलेलं असतं.

मग ए३००, त्याच कंपनीचं, मधे चार सीटची रांग, मला नेमकी त्याच रांगेतली आतली सीट, म्हणजे नोंद झाली पण बघितलं काहीच नाही. मग ए३२०, ते पण इंडियन एअरलाइन्सचं जुनं, ज्याला मागची चाकं प्रत्येक पायाला दोनऐवजी चार होती. आपल्याकडच्या तेव्हाच्या कमकुवत धावपट्ट्यांवर वजन पसरावं म्हणून खास मागवलेली. गावाकडच्या रस्त्यासाठी ट्रकला मागे डबल चाकं लावतात ना, तसंच. हे मी लग्नानंतर बायकोला पहिल्या प्रवासात सांगितलं होतं, तिने मान हलवली आणि झोपली.

मोठी विमानं पण झालीत, नाही असं नाही. २०१८ च्या दिवाळीत एअर इंडियाने सणाच्या गर्दीसाठी जम्बो, म्हणजे ७४७-४००, चक्क दिल्ली-मुंबईला लावलं होतं, ४२३ सीटचं. मी दिल्लीला काहीही काम नसताना गेलो. घरी ऑफिसचं काम सांगितलं, ते नंतर उघडकीस आलं, तो विषय वेगळा. पण बरं केलं, कारण २२ एप्रिल २०२४ ला शेवटचं जम्बो मुंबईहून उडून, पंख डावीउजवीकडे हलवून कायमचं अमेरिकेला गेलं, आणि तो व्हिडिओ बघताना मला निदान एवढं तरी म्हणता आलं की मी बसलोय बाबा. ए३८० मुंबई-दुबई झालंय, दोन मजली, आणि खरं सांगू का, निराशा. इतकं शांत की मागच्या रांगेत कोण घोरतंय ते कळतं आणि विमान कधी उडालं ते कळत नाही.

आणि एकदा तर फसलोच. ७८७ साठी म्हणून महिनाभर आधी तिकीट काढलं, रंग बदलणारी खिडकी, खालीवर ओढायचं शटर नाही, बटण दाबलं की काच गडद होते, ते सगळं वाचून गेलो, आणि गेटवर बघतो तर तिथे ए३२० उभं. एक कंपनी होती, नाव घेत नाही. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, सर सीट तर खिडकीचीच दिलीय ना. आता याला काय सांगायचं. ७८७ पुढे दोन वर्षांनी झालं.

तर आता मुद्द्यावर. एटीआर ७२-६००. पुणे ते सिंधुदुर्ग, म्हणजे चिपी. सासरवाडी वेंगुर्ले तालुक्यात आहे, आणि रस्त्याने पुण्याहून निघालं तर घाट उतरून पोचेपर्यंत आठ-नऊ तास कंबरेचे. हवेतून अंतर जेमतेम ३०० किलोमीटर, तासाभराचा खेळ. मी, बायको आणि अकरा वर्षांचा मुलगा.

लोहगावला बसने विमानापाशी नेलं. फोटो काढायची बंदी आहे, हवाई दलाचा तळ आहे तो, उगाच मोबाईल बाहेर काढू नका. बस थांबली आणि मागे उभ्या असलेल्या एका काकूंनी पंखे बघून जोरात विचारलं, "अगंबाई, हे जुनं विमान दिलंय का आपल्याला?" हा गैरसमज सगळ्यांचा आहे म्हणून नीट लिहितो. पंखा आहे म्हणजे जुनं नाही. आत जेटसारखंच टर्बाइन आहे, फक्त त्याची ताकद झोत मारण्याऐवजी सहा पात्यांचा पंखा फिरवायला वापरली जाते, आणि ३००-४०० किलोमीटरच्या पल्ल्याला याला इंधन जेटपेक्षा बरंच कमी लागतं. ७२ चं पहिलं उड्डाण १९८८ चं, पण ६०० हे मॉडेल २०११ पासूनचं, कॉकपिटमध्ये सगळे स्क्रीन. फ्रान्समध्ये तुलूजला बनतं, एअरबस आणि इटलीची लिओनार्दो यांची भागीदारी आहे. आणि आपल्या छोट्या गावांना विमान म्हणून हेच का येतं याला हिशोब पण आहे, ८० पेक्षा कमी सीटच्या विमानाला सरकारी विमानतळावर लँडिंग चार्ज लागत नाही, आणि ४० टनांखालच्या विमानाच्या इंधनावर टॅक्स पण कमी. एटीआर भरून २३ टन. यात जास्तीत जास्त ७८ सीट का बसवतात ते आता कळलं असेल.

चढायचं मागच्या दाराने. पुढे कॉकपिटच्या मागेच सामानाची खोली असते, त्यामुळे बिझनेस क्लासवाल्यासारखं पुढून ऐटीत चढणं हा प्रकार नाही, सगळे एकाच छोट्या जिन्याने. चढताना दोन गोष्टी बघाच. एक, शेपटीखाली एक दांडा टेकवलेला असतो. माणसं सगळी मागून चढतात, सगळं वजन एकदम मागे आलं तर नाक वर उचललं जाऊ नये म्हणून तो टेकू, बैलगाडी सोडल्यावर लावतात तसा. दुसरी गोष्ट तर माझी आवडती. उजवं इंजिन चालू असतं, कानाला ऐकू येतं चांगलं शीळ घातल्यासारखं, पण त्याचा पंखा हलत नाही! याला हॉटेल मोड म्हणतात. मोठ्या विमानांना जमिनीवर लाईट आणि एसी चालवायला शेपटीत वेगळं छोटं इंजिन असतं, एटीआरला ते नाहीच, मग हे उजव्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन नुसतं चालू ठेवतात. पोराला दाखवलं. तो तिथेच उभा राहिला, मागची लाईन खोळंबली, जिन्यावरची मुलगी म्हणाली सर प्लीज, मग हलला.

आत दोन-दोन सीट, मधली सीट नाही, हा मोठाच आनंद. बाकी कौतुक करण्यासारखं फार नाही. वरचे कप्पे लहान, तुमची नेहमीची चाकाची केबिन बॅग त्यात मावत नाही, ती जिन्यापाशीच काढून घेतात, म्हणून औषधं, चार्जर, सासूबाईंसाठी नेलेली चितळ्यांची बाकरवडी असलं सगळं आधीच हातातल्या पिशवीत काढून ठेवा. उंच माणसाने वाकून चालावं. टॉयलेटबद्दल न बोललेलं बरं, तासाभराचा प्रवास आहे, आधी जाऊन या.

सीट कुठली घ्यायची? हे महत्त्वाचं, नीट वाचा. अगदी पुढच्या ओळी पंख्याच्या रेषेत येतात, तिथे आवाज आणि थरथर सगळ्यात जास्त, पाण्याच्या बाटलीत पाणी थरथरताना दिसतं. फारच मागे गेलात तर शांत आहे पण मजा नाही. मधली ओळ घ्या, इंजिनाच्या जरा मागची. या विमानाचा पंख डोक्यावर आहे, खाली नाही, त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं मोकळं दिसतं, आणि चाकं विमानाच्या पोटाच्या बाजूला जो फुगवटा असतो ना त्यातून बाहेर येतात, ती पण तुमच्या डोळ्यासमोर. मी दहा वर्षं ए३२० मध्ये बसून चाकांचा नुसता धडाम आवाज ऐकतोय. इथे चाक दिसतं. पंखाच्या पुढच्या कडेला काळ्या रबराची पट्टी असते ती पण बघा, बर्फ धरला की त्यात हवा भरून ती फुगते आणि बर्फ फोडून टाकते. कोकणात तिचा काय उपयोग म्हणा, पण आहे.

उडाल्यावर दहा मिनिटांत कळलं की आपण फार वर जाणार नाही. जेट ३५ हजार फुटांवर जातं आणि खाली नुसता राखाडी नकाशा दिसतो. हे त्याच्या निम्म्यावर, १७-१८ हजारावर, ताशी ५०० च्या आसपास. सह्याद्रीची धार एका बाजूने बरोबर चालत होती, मधे एक लांब वाकडंतिकडं निळं पाणी आलं, मी म्हटलं कोयना, शिवसागर, आणि बायको जी कधी खिडकीकडे बघत नाही ती माझ्या अंगावरून वाकून बघत होती, कारण तिला लहानपणापासून एसटीने घाट उतरायचा तेवढाच माहीत, घाटाची ती भिंत वरून अशी सुरीने कापल्यासारखी दिसते हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिकडे देश पिवळा पडलेला, इकडे खाली हिरवं. नोव्हेंबर होता. एक सांगतो, सकाळचं विमान मिळालं तर ते घ्या. दुपारी ऊन तापलं की हे हलकं विमान घाटावर चांगलं हेलकावे खातं, पाळण्यात बसल्यावर पोटात होतं तसं, ज्यांना त्रास होतो त्यांनी लिमलेटच्या गोळ्या खिशात ठेवाव्या.

उतरताना समुद्र आला. वळताना पंख वर गेला आणि खिडकीत नुसतं पाणी, मग खाडी, माडांच्या रांगा, मग लाल सडा. आणि चाक. आधी झाकण हललं, मग पाय हळूच बाहेर आला, वाऱ्यात जरासा थरथरला आणि लॉक झाला. पोराने माझा हात घट्ट धरला होता, भीतीने नाही, तो बोट दाखवत होता. जमीन जवळ येत गेली, जांभ्याचे दगड मोजता येतील इतकी, आणि टायर टेकला तेव्हा त्यातून निळसर धुराचा एक भपका निघाला आणि थांबलेलं चाक एकदम फिरायला लागलं. हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मग पंख्याची पाती उलटी वळली, घर्रर्र करून मोठा आवाज, आणि विमान अंगावर ब्रेक मारल्यासारखं हळू झालं.

चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, लहानसा, सुटसुटीत. विमानातून उतरून चालतच आत. टेकूचा दांडा लगेच लावला शेपटीखाली, हे मी वळून बघून खात्री केली. वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळे परतीचं बघूनच बेत करा, आणि बाहेर रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, कुणाला तरी घ्यायला बोलवा. आम्हाला मेव्हणा आला होता.

घरी सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पंख्याचा इमान मां ता? तुमका भीती नाय वाटली?" मी हॉटेल मोड समजावायला घेतला. सोलकढी पुढे ठेवून त्या आत निघून गेल्या.

स्टार द्यायचे तर आरामाला अडीच, सामानाच्या जागेला दोन, आवाजाला काय द्यायचे ते तुमच्यावर, मला तो आवडतो. खिडकीला पाचच्या पाच. माझ्या वहीत ए३८० च्या वर.

रात्री पडवीत बसून वही काढली, नोंद केली. शेजारी पोरगा, त्याने मामाकडून एक नवी वही मागून घेतली होती, वर समास आखला, तारीख घातली, १ आकडा काढून पुढे लिहिलं एटीआर ७२-६००. मी म्हटलं अरे तुझं हे पहिलं कुठे, तू तीन वर्षांचा असताना आपण ए३२० ने बंगळूरला गेलो होतो की. तर म्हणतो, "बाबा, तेव्हा मी झोपलो होतो. ते धरायचं नाही." मग माझी वही ओढून घेतली आणि ए३०० च्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, इथे तुम्हाला मधली सीट होती ना? त्या हिशोबाने माझे आता १२ राहिलेत.