टायमरवाला जुना जर्मन डिशवॉशर: बेळगावात घ्यावा का, आणि घेतला तर चालू कसा करावा

गोव्याहून सामान हलवणाऱ्यांकडून किंवा आखातातून परतलेल्या घरांतून १९८०-९० च्या काळातले जर्मन डिशवॉशर बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अधूनमधून विकायला निघतात. मीले, बॉश, सीमेन्स, एईजी यांपैकी कुठलाही असो, समोर गोल फिरवायचा टायमर, आत स्टेनलेसचा टब आणि उचलायला दोन माणसं लागतील एवढं वजन. बहुतेक वेळा तो "मोटर गेली आहे" म्हणून स्वस्तात मिळतो. मोटर गेली म्हणून सोडू नका, आणि मोटर फिरते एवढ्यावर घेऊही नका. मोटर, सील, बेअरिंग, पाइप या सगळ्यांची सोय बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत होते. टब, टायमर आणि आतला पाणी मऊ करणारा सॉफ्टनर यांची होत नाही. म्हणून आधी या तिघांची तब्येत बघायची आणि मग भाव करायचा.

दार उघडून कडेवरची पट्टी वाचा. २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर पुढचं बघा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं अमेरिकन मशीन फुकट मिळालं तरी नको. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झवर पंप आणि टायमर दोन्ही पाच-षष्ठांश वेगाने फिरतात. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे फवारा जेमतेम ७० टक्के उरतो, आणि मोटर तापते ती वेगळीच. डिशवॉशरमध्ये घासणारं काहीच नसतं. जोसेफिन कॉक्रेनबाईंनी १८८६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं तेव्हापासून तत्त्व एकच आहे: भांडी जाळीत, आणि त्यांच्यावर दाबाने गरम पाणी. दाब गेला की मशीन म्हणजे नुसतं ओलं कपाट.

टबात बॅटरी मारून सॉफ्टनरचं मीठ भरायच्या झाकणाभोवती आणि दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बघा. सांडलेलं मीठ तसंच राहिलं की स्टेनलेसलाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. वरवरचा तांबूस डाग स्क्रबरने निघतो, पण टोकदार वस्तूने टोचल्यावर पत्रा आत दबला तर तिथे भोक पडायच्या बेतात आहे. मग परत फिरा. मशीन आडवं करून तळही बघा. पांढरा ओघळ म्हणजे जुनी गळती, आणि तो ज्या सांध्यातून सुरू होतो तोच दोषी. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर घाबरायचं कारण नाही, पण उष्णता सहन करणारी सिलिकॉन वायरच घालायची. साधी घरगुती वायर हीटरजवळ टिकत नाही.

पंपापासून सुरुवात करू, कारण "मोटर गेली" ही तक्रार दहातल्या बहुतेक वेळा मोटरची नसतेच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये पंपाच्या सीलचे दोन भाग, कार्बन आणि सिरॅमिक, क्षाराने एकमेकांना चिकटतात. करंट दिला की मोटर फक्त गुणगुणते. तशीच दोन-तीन मिनिटं ठेवली तर वाइंडिंग खरंच जळतं आणि खोटी तक्रार खरी होते. म्हणून प्लग लावायच्या आधी संपमध्ये, म्हणजे टबाच्या तळातल्या पाणी साठायच्या खोलगट भागात, कोमट पाणी ओतून रात्रभर ठेवा आणि मागच्या बाजूने शाफ्ट किंवा पंखा हाताने हलवा. ताकद लावू नका, पुढे-मागे थोडं थोडं करत सोडवा. मोकळा झाल्यावर हाताला खरखर लागली तर बेअरिंग बदला. बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. रबरी झाकणाचंच घ्या, पत्र्याचं नको. मोटरचा कंडेन्सर मीटरवर मोजा आणि छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी भरला तर नवा घाला.

सील मात्र मोजूनच घ्यायचं. शाफ्टचा व्यास, सिरॅमिक बसतो त्या खाचेचा व्यास आणि खाचेची खोली, ही तीन मापं व्हर्नियरने काढून पंप सीलच्या दुकानात न्या. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. बसवताना कार्बनच्या तोंडाला बोट लावू नका. हाताचं तेल किंवा बारीक कण राहिला की पहिल्याच आठवड्यात थेंब सुरू होतात. रबराला ऑइल किंवा व्हॅसलीन लावू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस चालतं. दाराच्या रबराचंही तेच: कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, आणि खालच्या घडीतला काळा चिकटा पूर्ण काढायचा. निम्म्या गळत्या एवढ्यावर थांबतात.

आता हीटर. छापील वॅटवरून त्याचा रोध आधीच काढता येतो: २३० चा वर्ग भागिले वॅट. २००० वॅटला सुमारे २६ ओहम, २४०० ला २२, २८०० ला १९. मीटरने एवढं दाखवलं म्हणजे आतली तार शाबूत आहे, पण तेवढं पुरेसं नाही. नळीच्या हीटरमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते आणि ती ओल ओढते. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेला हीटर हमखास ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाडतो. लोक तो फेकून देतात. फेकू नका. ५०० व्होल्टच्या मेगरने तार आणि बाहेरची नळी यांच्यामधलं इन्सुलेशन मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर हीटर काढून ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीवर तीन-चार तास भाजा, गार करून परत मोजा. आकडा वर चढला की टोकं उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनने बंद करा. भाजूनही चढला नाही तर नळीला बारीक चीर आहे. तेव्हा मात्र नवा. त्याच मापाचा नळीचा हीटर बनवून घेता येतो.

मशीनला १६ ॲम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि खरं आर्थिंग लागतं. २४०० वॅटला दहा-साडेदहा ॲम्पिअर ओढ असते, एक्स्टेन्शन बोर्डावर हे चालवायचं नाही. संध्याकाळी हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइन २०० व्होल्टवर आली तर हीटर फक्त तीन-चतुर्थांश उष्णता देतो. टायमरवाल्या मशीनमध्ये याचा परिणाम विचित्र दिसतो. पाणी ठरल्या तापमानाला येईपर्यंत थर्मोस्टॅट टायमरला थांबवून ठेवतो, त्यामुळे नॉब जागेवरच उभा राहतो आणि सगळे म्हणतात टायमर अडकला. हीटर किंवा थर्मोस्टॅट गेला असेल तर तो तिथेच कायमचा थांबतो. म्हणून टायमरला हात घालण्याआधी क्लॅम्प मीटरने बघा, हीटर करंट ओढतो का. हीटरचं काम नसलेल्या टप्प्यावरही नॉब पंधरा मिनिटांत सरकला नाही, तरच टायमर उघडा. उघडण्याआधी प्रत्येक वायरचा फोटो काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब उलटा कधीही फिरवू नका. आतले कॅम मोडतात, आणि मोडलेल्या टायमरला इथे इलाज नाही.

या जुन्या मशीनचा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे सॉफ्टनर. तळातल्या डब्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात, सोडियम सोडतात, आणि मिठाच्या पाण्याने परत ताजे होतात. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ आहे, पण बोअरवर चालणाऱ्या घरात सॉफ्टनरशिवाय काचेवर पांढरी झाक येणारच. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं रेझिन एकदम साध्या पाण्यात भिजवलं तर मणी झपाट्याने फुगून तडकतात. म्हणून युनिट बाहेर काढा, एक लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ या हिशेबाने घट्ट द्रावण करून आत भरा, रात्रभर ठेवा, आणि मग हळूहळू साध्या पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्यात तपकिरी मणी येत राहिले तर आतली जाळी फाटली आहे. ते मणी व्हॉल्व्हमध्ये अडकतात, असं युनिट परत लावू नका.

सॉफ्टनर काम करतो का हे टीडीएस मीटरने कळत नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, आकडा जवळजवळ तोच राहतो, आणि चांगलं युनिट लोक खराब समजून काढून टाकतात. घरच्या घरी खात्री करायची तर शेवटच्या धुण्यानंतर संपमधलं थोडं पाणी बाटलीत घ्या, अंगाच्या साध्या साबणाचा किस टाकून हलवा. फेस उभा राहिला तर पाणी मऊ, दह्यासारखी साय आली तर कठीण. मीठ डिशवॉशरचं जाड दाण्याचंच हवं. स्वयंपाकाचं बारीक मीठ घट्ट बसून वाट बंद करतं. पहिल्यांदा डब्यात लिटरभर पाणी, मग मीठ मावेल तेवढं, साधारण किलो-दीड किलो. झाकण लावल्यावर लगेच रिकामं एक चक्र चालवा, म्हणजे सांडलेलं मीठ टबावर राहत नाही.

टबातले जुने क्षार काढायला किराणा दुकानातलं लिंबूफूल पुरतं: १५० ते २०० ग्रॅम तळात टाकून रिकामं मशीन ६० डिग्रीवर. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको, त्यातलं क्लोराइड स्टेनलेस खातं. पाणी फवारणाऱ्या फिरत्या हातांची छिद्रं तारेने एकेक मोकळी करा. नव्वद टक्के "वरची भांडी निघत नाहीत" इथेच संपतं.

पाणी घेणाऱ्या पाइपचा आटा पाऊण इंची, म्हणजे वॉशिंग मशीनचाच. जुना पाइप कितीही बरा दिसला तरी नवा घाला. एक मजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून खाली स्वयंपाकघरात तीन-चार मीटरचाच दाब मिळतो, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. बऱ्याच मशीनची ही किमान मर्यादाच असते. पाणी कमी आलं की पंप हवा ओढतो आणि गुळगुळ आवाज येतो, शिवाय कमी दाबावर इनलेट व्हॉल्व्ह नीट बंदही होत नाही. आधी व्हॉल्व्हच्या तोंडची जाळी साफ करा, नाही भागलं तर छोटा प्रेशर पंप लावा. सोलरचं पाणी जोडायचं असेल तर ६० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात ते सहज जातं, म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह घाला. सांडपाण्याच्या पाइपचं तोंड जमिनीपासून ४० सेंटिमीटरच्या वर ठेवा, नाहीतर सायफन होऊन भरलेलं पाणी आपोआप निघून जातं.

करंट देण्याआधी मगने चार-पाच लिटर पाणी टबात ओता, खाली वर्तमानपत्र पसरा आणि तासभर थांबा. पेपर कोरडा राहिला तरच प्लग लावायचा. सुरू होताच ड्रेन पंप एकसारखा चालू राहिला आणि बाकी काही हललं नाही, तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी आहे आणि फ्लोट स्विच उचलला गेलाय. पाणी पुसून घ्या, गळती शोधा. स्विच बायपास करायचा मोह आवरा, स्वयंपाकघरात पूर येण्यापासून तेवढाच वाचवतो.

वापरायला कसं आहे? तर्रीची कढई, दुधाचं पातेलं, कुकरमधले स्टीलचे डबे, भाकरीचं पीठ वाळलेली स्टीलची परात, हे सगळं ६५ डिग्रीच्या चक्रात नवीन मशीनपेक्षा चांगलं निघतं, कारण जुनं मशीन पाण्याला आणि उष्णतेला हात आखडत नाही. किंमत तिथेच मोजावी लागते: एका चक्राला २५-३० लिटर पाणी आणि दीड-दोन युनिट वीज, जिथे नवीन मशीन १०-१२ लिटर आणि एका युनिटच्या आसपास भागवतं. ज्यांच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यांनी नवीनच घ्यावं. खालच्या जाळीचे काटे आपल्या पातेल्यांना आड येतात. ते कापायचे असतील तर टोकांना रबरी टोपी घाला, नाहीतर गंज तिथूनच चढतो. बिडाचा तवा, तांबं-पितळ, हिंडालियमचा कुकर आणि पोळपाट-लाटणं यात घालायचं नाही. तव्याची चिकणाई जाते, ॲल्युमिनियम काळं पडतं, लाकूड फाटतं. पावडर २० ते २५ ग्रॅम, मऊ पाण्याला त्याहून कमी. हाताने भांडी घासायचा साबण चमचाभरसुद्धा नको, फेसाने पंप हवा ओढतो आणि दाराखालून पाणी येतं.

पावसाळ्यात महिनाभर गावाला जाणार असाल तर नळ बंद करा, गाळणी काढून वाळवा, दार चार बोटं उघडं ठेवा. संपमधलं थोडं पाणी मात्र तसंच राहू द्या. सील ओलं राहिलं की चिकटत नाही.