डेन्बीज वाइन इस्टेट, डॉर्किंग: लंडनहून एक दिवस काढून जाच

लंडनला आपल्याकडे पाहुणे आले की ठरलेलंच असतं, टॉवर ब्रिज, लंडन आय आणि संध्याकाळी वेम्बलीत जेवण. त्यात एक दिवस डेन्बीजचा घाला, अगदी मनापासून सांगतेय. वॉटर्लूहून ट्रेनने तासाच्या आत डॉर्किंग, आणि स्टेशनवरून चालत जाता येतं.

२६५ एकरांची सलग द्राक्षबाग आहे. टूरच्या गाडीतून उतारावर वर गेलं की समोर बॉक्स हिल दिसतो, फोटो वगैरे छान येतात, पण मला खरी मजा आली ती माती बघून. वेलांच्या ओळीत वाकून मूठभर उचला, पांढरे चुनखडीचे तुकडे निघतात आणि बोटं खडूने माखतात, मध्येच गारगोटीची एखादी धारदार कपची. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातही अशीच चुनखडी आहे. इंपीरियल कॉलेजचे भूशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड सेली यांनी मालकांना सुचवलं की इथे द्राक्षं लावून बघा, आणि १९८६ मध्ये लागवड झाली. ही जमीन ओल धरते पण मुळाशी पाणी साचू देत नाही, इंग्लंडच्या पावसात याहून जास्त काय हवं!

माझं माहेर द्राक्षबागांच्या निफाडकडचं, त्यामुळे मी तर बागेतून हलायलाच तयार नव्हते. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), इथे वेल थंडीत पूर्ण झोपतो, हिवाळ्यात एकदाच छाटतात आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. आपल्याकडे उन्हाने साखर भराभर चढते आणि वाइनवाल्यांना आंबटपणा टिकवायची काळजी, इथे आंबटपणा भरपूर आणि साखर चढेल की नाही याचा घोर. त्यात एप्रिल-मेमध्ये कोवळ्या कोंबांवर रात्री दव गोठलं तर पीक गेलंच समजा, म्हणून इंग्लंडमधल्या बऱ्याच बागांत ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. निफाडला पारा घसरला की शेकोट्या पेटवतात ना, तेच.

पण हाच आंबटपणा स्पार्कलिंगला, म्हणजे फेसाळत्या वाइनला लागतो, आणि म्हणून इथे आलात तर आधी स्पार्कलिंगच घ्या. शार्दोने, पिनो न्वारसारखी द्राक्षं, बाटलीतच साखर आणि यीस्ट घालून दुसऱ्यांदा आंबवायचं, मग त्या मेलेल्या यीस्टवर बाटली कित्येक महिने तशीच ठेवायची, त्यातून तो भाजलेल्या पावासारखा वास येतो. बाटलीला साधारण तीस पौंडांच्या आसपास मोजावे लागतात, महाग वाटेल, पण थंडीमुळे उतारा कमी, त्यामुळे मला तरी तो भाव पटतो. घरी बटाटेवड्याबरोबर घेऊन बघा, तेलकटपणा एका घोटात साफ!

ज्यांनी कधी वाइन घेतलीच नाही त्यांना डेन्बीजचीच सरे गोल्ड द्या, थोडी गोडसर, सगळ्यांना चालते. बॅकस जातीच्या द्राक्षांची व्हाइट मला स्वतःला फार आवडते, हिरवट ताजा वास, कोथिंबीर वडीबरोबर तर मस्तच. रेडसाठी मात्र मी इंग्लंडमध्ये पैसे घालणार नाही, गडद रेडला जेवढं ऊन लागतं तेवढं इथे पडतच नाही.

दुसऱ्या एका बागेत आम्हाला चार टाक्या दाखवून थेट दुकानात उभं केलं होतं, त्यामुळे इथला बागेत फिरायचा मोकळेपणा मला जास्तच जाणवला. पायवाटा सगळ्यांसाठी खुल्या आहेत, वाइन न पिणारे आईबाबा बरोबर असले तरी त्यांचा दिवस छान जातो.

सुपरमार्केटमध्ये घेणार असाल तर लेबल नीट वाचा हं. 'इंग्लिश वाइन' म्हणजे इथल्याच द्राक्षांची, 'ब्रिटिश वाइन' लिहिलं असेल तर ती बाहेरून आणलेल्या आटवलेल्या रसाची असते, ती घेऊ नका. आणि डेन्बीजला जायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, घड वेलावर असतानाच, टूर आधी बुक करून जा.