महोगनी उन्हात लावू की सावलीत?

हल्ली आमच्याकडे जो तो महोगनीच्या मागे आहे, आणि कोकणात जमीन म्हणजे अर्धी मोकळा जांभा आणि अर्धी ऐन-किंजळाच्या झाडोऱ्याखाली, मग रोपं नेमकी कुठे टाकायची हा घोळ होतोच. मी दोन्हीकडे लावून बसलोय म्हणून सांगतो. साग लावणार असाल तर पुढचं वाचूच नका, सागाला डोक्यावर सावली बिलकुल चालत नाही, मोकळ्यावरच लावा.

महोगनीचं तसं नाही. उन्हात ती जोरात वाढते, दुसऱ्या पावसात जाडजूड लुसलुशीत शेंडा काढते, आपण खूश, आणि नेमका तोच शेंडा पोखरणाऱ्या अळीला आवडतो. पतंग कोवळ्या फुटीवर अंडी घालतो, अळी आत शिरते, बाहेर थोडा भुसा दिसतो आणि आठ-पंधरा दिवसांत शेंडा मान टाकतो. झाड मरत नाही हो, पण खालून तीन-चार फुटवे येतात आणि सरळ सोट खोडाच्या जागी बेचकं तयार होतं, आणि बेचक्याला लाकडाचा भाव कोण देणार?

सावलीतल्या रोपांचे शेंडे बारीक, फूट कमी, अळीचा त्रासही कमी. पण वाढ इतकी सावकाश की बघून वैताग येतो. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर तसाही उजेड नसतो, दाट झाडाखाली रोप नुसतं ओलं राहतं, पानं काळी पडतात, बुंधा कुजतो. सावलीचा खरा फायदा एप्रिल-मेमध्ये, कातळ तापून खालून भाजतो तेव्हा, आणि तोही पहिले दोन उन्हाळेच.

हे काही आपलंच नवल नाही. अमेरिकेत पांढऱ्या पाइनचा एक सोंड्या भुंगा आहे, तो वरच्या शेंड्यात अंडी घालतो, शेंडा मेला की बाजूच्या फांद्या वर यायला भांडतात, डिट्टो आपली महोगनी. म्हणून तिथे पाइनची रोपं लहानपणी मोठ्या झाडांच्या निम्म्या सावलीत वाढवतात, खालचा सोळा फुटांचा ओंडका सरळ मिळेपर्यंत, मग वरची झाडं काढतात. स्वीडनमध्ये सावलीचा फायदा वेगळ्या वाटेने होतो. जंगल सपाट तोडलं की ताज्या खुंटांच्या वासाने भुंगे गोळा होतात आणि नव्या स्प्रूस-पाइनच्या रोपांची साल बुंध्याशी खातात. थोडी जुनी झाडं उभी ठेवली तर नुकसान कमी होतं, कारण भुंग्याला दुसरं खाणं मिळतं असं मानतात. (आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूला पर्यटक पाइन म्हणतात, ते सूचिपर्णी झाड नाहीच, आणि त्यालाही भरपूर ऊनच लागतं.)

वाळवी आणि हुमणी (मातीत राहून मुळं खाणारी अळी) मात्र ऊन-सावली बघत नाहीत. उन्हातलं तहानलेलं रोप दसऱ्यानंतर वाळवी आधी धरते हे खरं, पण सावलीत पडलेला पाला लोक रोपाच्या बुंध्याशी ढीग करून लावतात आणि वाळवीला आमंत्रण देतात, पाला वीतभर लांब ठेवा. हुमणीसाठी एकच, कच्चं शेण खड्ड्यात घालू नका, पूर्ण कुजलेलंच घाला.

माझं मत विचाराल तर दोन्हीच्या मधलं करा. ऐनाची झाडं ठेवा, पण राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडतो तशा त्याच्या फांद्या पावसाआधी उतरवा म्हणजे पावसात उजेड येतो आणि उन्हाळ्यापर्यंत पालवी परत येऊन थोडी सावली होते. झाडच तोडायचं म्हणाल तर ऐन-किंजळाला परवानगी लागते, त्या भानगडीत उगाच पडू नका. फक्त मोकळा कातळच असेल तर तूर किंवा गिरिपुष्प ओळींच्या मध्ये लावा, बाजूची सावली मिळते आणि रोप उजेडासाठी सरळ वर पळतं.

आणि ज्यांना दर पंधरा दिवसांनी वाडीत फेरी मारणं जमतं त्यांनी बिनधास्त उन्हात लावावी. भुसा दिसला की भोकाच्या खाली छाटायचं, शेंडा जाळायचा, आणि फुटव्यांतला एकच जोमदार ठेवून बाकी खुडायचे. मुंबईला राहून गणपती आणि शिमग्यालाच गावी येणाऱ्यांनी सावलीतच लावावी, माझी उन्हातली बेचकी त्याच दोन फेऱ्यांच्या मधली आहेत.