बिल ४९,५०० चं, मोजले ६१,०००, आलं भंगार

मी अमळनेरचा. कोबा आणि ट्रिमिक्सची, म्हणजे काँक्रीटच्या जमिनीची कामं घेतो. गोडाऊन, जिनिंगचं अंगण, केळीचं कोल्ड स्टोरेज, जे मिळेल ते. पाच-सहा माणसं, एक मिक्सर, एक स्क्रीड व्हायब्रेटर. पॉवर ट्रॉवेल मात्र दर वेळी भाड्याने आणायचो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पंख्यासारखी चार पाती जमिनीवर आडवी फिरतात, वर पेट्रोलचं इंजिन असतं आणि मागे दांडा धरून माणूस चालतो. चार-पाच गवंडी गुडघ्यावर बसून रात्रभर जेवढं घोटतील, तेवढं ते एकटं घोटतं. भाडं भरून कंटाळलो होतो, म्हणून स्वतःचं घ्यायचं ठरवलं.

धुळ्याला विचारलं, ८२,००० म्हणाले. तेवढ्यात मोबाइलवर एक जाहिरात दिसली. सुरतचा विक्रेता, ३६ इंची मशीन, होंडाचं जीएक्स १६० इंजिन, पेटीपॅक, फक्त ६१,०००. व्हिडिओत मशीन असं चालत होतं की पोरं म्हणाली, घ्याच.

माणूस बोलायला फार गोड. म्हणाला, "दादा, ५०,००० च्या वर गेलं की माल न्यायला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा ऑनलाइन कागद लागतो, कशाला झंझट? बिल ४९,५०० चं करतो. बाकीचे ११,५०० माझ्या घरच्यांच्या नंबरवर टाका, तेवढाच जीएसटी वाचेल." मला वाटलं, काय व्यवहारी माणूस आहे! खरं सांगायचं तर माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आला की उरलेले पैसे टाकायचे असं ठरलं. फोटो आला, मी टाकले. ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो तर तिथला नेहमीचा कायदा, आधी सही आणि मग पेटी.

घरी पेटी फोडली तेव्हा ऑइलपेंटचा ताजा वास आला. नवीन मशीनला वास येणारच, असं मीच स्वतःला समजावलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन चालू झालं. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडलं.

पहिलं काम धरणगावकडच्या एका गोडाऊनचं. मे महिना, म्हणून काँक्रीटचा माल संध्याकाळनंतर टाकला. रात्री अकराच्या सुमारास वरचं पाणी उडालं, बूट ठेवला तर टाच चार-पाच मिलिमीटर रुतत होती. हीच वेळ असते. आधी पातं लावलं तर माल उचलून येतो, उशीर झाला तर मशीन नुसतं खरवडतं. पात्यांखाली पॅन, म्हणजे गोल थाळी बसवून सुरुवात केली. चाळीसेक मिनिटं बरं चाललं. मग इंजिन घरघरलं, खोकल्यासारखं दोनदा झालं आणि बंद पडलं. दोरी ओढून ओढून तळहात सोलले. टॉर्च खाली धरली तर ओल्या कोब्यावर ताटाएवढा काळा डाग. गिअरबॉक्समधून ऑइल गळत होतं.

तिसरा हिस्सा अजून घोटायचा होता आणि माल ओढत, म्हणजे घट्ट होत चालला होता. प्लायवूडचे तुकडे टाकून सगळे गुरमाळे घेऊन गुडघ्यावर बसलो. मग मी ते केलं, ज्यासाठी मी स्वतः पोरांना शिव्या देतो. कोपऱ्यात जिथे ओल होती, तिथे कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि घोटून टाकलं. त्या वेळी आरशासारखं दिसलं. पंधरा-वीस दिवसांत हमालांच्या गाड्या फिरायला लागल्या आणि तिथला थर पापडासारखा सुटला. गोडाऊनवाल्या आबांनी ३५,००० रोखून धरले. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मशीन आमच्याकडच्या फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्तरीकडे नेलं. त्याने इंजिनकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "डुप्लिकेट शे भो. नि नवं बी नई." मग एकेक दाखवत गेला. खऱ्या इंजिनचा नंबर क्रँककेसच्या धातूवर ठोकलेला असतो. इथे त्या जागी ग्राइंडर फिरवलेला आणि वर रंग मारलेला. होंडाचं नाव फक्त स्टिकरवर. पात्यांचा निळा रंग नखाने खरवडला, तर खाली एक कड घासून घासून सुरीसारखी झालेली. पाती धरणाऱ्या दांड्यांत एवढा ढिलेपणा की हाताने हलवलं तरी खटखट वाजत होतं. ऑइल सीलच्या जागी सिलिकॉन थापलेलं.

त्यानंतर बिल नीट वाचलं. आधीच का नाही वाचलं, हे घरच्यांनी विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. मालाच्या रकान्यात "जुने मशिनरी पार्ट्स". इंजिन नंबर नाही. पत्ता सुरतचा, पण जीएसटी नंबरची सुरुवात ०९ ने. गुजरातचा असता तर पहिले दोन आकडे २४ असते, आपल्या महाराष्ट्राचे २७. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला तर नोंदणी कधीच रद्द झालेली. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि एक रुपया लागत नाही.

ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली. पोलिसांचं म्हणणं पडलं की माल तर मिळालाय, बिलावर "जुने" लिहिलंय, मग हा देण्याघेण्याचा वाद झाला. वरचे ११,५०० कशाचे, याचा तर कागदच नाही. ई-वे बिल चुकवायला ज्याने मला भागीदार केलं, त्याने माझं तोंडही त्याच वेळी बंद करून ठेवलं होतं.

ओळखीच्या वकिलांनी एक वाट दाखवली. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला सहसा ग्राहक कायदा लागत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर लागतो. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे मला जळगावला. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. कागद तयार करतोय. विक्रेत्याचा फोन लागत नाही.

सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. अमळनेरहून गाडीत बसलं की थेट सुरत. सकाळी जाऊन, इंजिन चालू करून, नंबर वहीत उतरवून मी दुसऱ्या दिवशी घरी असतो. तिकिटाचे पैसे वाचवले.

परवा धुळ्याच्या त्याच दुकानात पुन्हा गेलो, सोबत मिस्तरीला नेलं. अर्धा तास मशीन चालवून घेतलं आणि म्हटलं, इंजिन नंबर बिलावर लिहा. दुकानदार म्हणाला, "एवढं कोणी विचारत नाही हो." मिस्तरी खाली बसून एकेक आकडा वाचत होता, आणि मी त्याच्यावर टॉर्च धरून उभा होतो.