मालवणला जायचं तर चिपी की मोपा?

पुण्याहून विमानाने मालवण गाठायचं तर जवळचे विमानतळ दोनच: वेंगुर्ले तालुक्यातल्या सड्यावरचं चिपी, नाहीतर गोव्यात पेडण्यातलं मोपा. बांदा-सावंतवाडीवाल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, त्यांना मोपाच सोयीचं. अडचण आहे ती मालवण, कुडाळ, परुळेकडच्या माणसांची.

मोपाची बाजू भक्कम आहे, ते मान्यच करावं लागतं. जानेवारी 2023 पासून चालू, कंपन्या अनेक, एक विमान हुकलं तर दुसरं मिळतं. चिपीचं तसं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये थाटात मुंबईचं विमान सुरू झालं, छोट्या विमानतळांच्या सेवेला सरकारी मदत देणाऱ्या उडान योजनेतली तीन वर्षं सरली आणि ते थांबलं. पुण्याचं 2024 च्या ऑगस्टअखेर आलं, तेही सुरुवातीला शनिवार-रविवारपुरतं. तेव्हा चालू वेळापत्रक बघितल्याशिवाय चिपीचा बेत आखू नये.

तरी माझं माप चिपीकडेच झुकतं, आणि त्याला कारण मोपाचं स्वस्त तिकीट. ते हमखास आडवेळेचं असतं. रात्री उशिरा उतरायचं, बॅगांची वाट बघायची आणि मग टॅक्सीवाल्याला ‘मालवण’ म्हणायचं. भाडं ऐकलं की तिकिटात वाचलेले पैसे तिथेच संपतात. म्हणून घरून भाच्याला गाडी घेऊन बोलवायचं. पावसाळ्यात हायवे सोडून कुडाळहून आत वळलं की गुरं डांबरावर ठाण मांडून बसलेली. त्यातली म्हैस काळी, रस्ता काळा, वर पाऊस. डोळे चमकले तर दिसणार. भाचा पहिल्या गिअरवर, मी पुढे वाकून काच पुसतोय. घरी पोचतो तेव्हा आई पेज झाकून जागीच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं घर पेंगतं, आणि दोन दिवसांच्या रजेत तेवढी दुपार फार महाग पडते.

चिपीत पंख्याचं छोटं विमान उजेडी उतरतं. चालत आत यायचं, सामान घ्यायचं, बाहेर पडायचं. बाहेर वाहन उभं असेलच असं नाही, ओळखीच्या रिक्षावाल्याला आधी फोन करून ठेवलेला बरा. नेरूरपारचा पूल ओलांडला की अर्धं काम झालं. विमान रद्द झालं तर मात्र पंचाईत: कुडाळ स्टेशन गाठायचं आणि तिथे वेटिंग लिस्ट बघत बसायचं. चतुर्थीच्या दिवसांत तर विचारूच नका.

दोन्हीकडची तिकिटं मिळत असतील तर निदान जाताना चिपी धरा असं सुचवेन. परतीला मोपा चालतं, सकाळी घरून निघालं की दुपारचं विमान मिळतं. आणि लग्नाचा मुहूर्त किंवा कोर्टाची तारीख असेल, तर माझं ऐकू नका.