सहा महिन्यांचं भाडं आगाऊ, घर मात्र नाताळपर्यंत

गोव्यात शिवोलीला एक टू बीएचके आहे. पावसाळा सरला की तो एखाद्या परदेशी जोडप्याला 'अख्ख्या सीझनसाठी' दिला जातो. सहा महिन्यांचे पैसे एकरकमी घेतले जातात आणि नाताळच्या तोंडावर त्यांना बाहेर काढून तोच फ्लॅट रात्रीच्या दराने पर्यटकांना लावला जातो. गेल्या सीझनला ही पाळी ज्यांच्यावर आली ते आमचे पाहुणे. माझा मेहुणा इंग्लंडला असतो, हे नवरा-बायको त्याचे शेजारी. दोघंही निवृत्त, थंडीचे महिने गोव्यात काढायचे म्हणून आलेले. मी म्हापशाला राहतो, त्यामुळे घर बघण्यापासून पोलीस स्थानकापर्यंत सगळीकडे त्यांच्याबरोबर होतो. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून नावं कुणाचीच लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण हीच पद्धत पुण्या-मुंबईहून 'गोव्यातून काम करू' म्हणून येणाऱ्यांवरही चालते.

सुरुवातीला ते एका होमस्टेत उतरले होते. रात्रीला तीन हजार, म्हणजे महिन्याला नव्वद हजार, आणि नाताळात दर वाढणार हे मालकिणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं. शिवोलीचा फ्लॅट महिना पंचेचाळीस हजार. स्वतःचं स्वयंपाकघर, बाल्कनी, खाली दुचाकी लावायला जागा. साठी ओलांडलेल्या माणसांना सकाळचा चहा आपल्या हातचा लागतो. हिशेबही सरळ दिसत होता आणि हाच हिशेब फ्लॅट देणारा माणूस पहिल्या भेटीत कागदावर मांडून दाखवायचा.

तो स्वतःला मालकाचा भाचा म्हणवत होता. 'मामा परदेशात, कारभार सगळा माझ्याकडे.' विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर होतं, ते 'मामाचं'. कुलमुखत्यारपत्राची झेरॉक्स दाखवली, मूळ कागद 'वकिलाकडे'. गोव्यात हे सगळं सहज पटतं. इकडे बार्देश तालुक्यात गावागावांत घरं बंद आहेत, माणसं पोर्तुगालला, इंग्लंडला किंवा आखातात, आणि चावी कुठल्या तरी भाच्या-पुतण्याकडे. खोटं बोलणाऱ्याला इथे फारसं काही रचावं लागत नाही.

आता करार. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा फरक माहीत असायला हवा. तिकडे १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करावीच लागते, करार कितीही महिन्यांचा असो. गोव्यात तशी सवय नाही. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचा कागद करायचा, स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का घ्यायचा, झालं. नोटरी सह्या कुणाच्या ते बघतो. घर कुणाचं ते बघणं त्याचं काम नव्हे. गोल शिक्का आणि लाल सील पाहून परदेशी माणसाला वाटतं की सरकारने खातरजमा केली.

पाहुण्यांनी विचारलं, आम्हाला सहाच महिने हवेत, मग अकरा कशाला? ब्रिटिश पर्यटकाला इ-व्हिसावर सलग १८० दिवसांच्या वर राहता येत नाही, त्यांची तिकिटंही तशीच काढलेली. तो हसून म्हणाला, "गोव्यात सगळे करार अकराचेच. तुम्ही सहा महिन्यांनी जा, पुढचं भाडं कोण मागतंय?" भाडं कुणी मागणार नव्हतंच. पण करारात आत एक कलम होतं: मुदतीआधी घर सोडल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही. जो माणूस कायद्यानेच अकरा महिने राहू शकत नाही, त्याचं दोन महिन्यांचं डिपॉझिट सही करतानाच गेलं. मी त्याच बैठकीत बोट ठेवलं, तर "ते छापील असतं हो, आपल्यात कसलं" म्हणून पेनाने एक रेघ मारली. नोटरी झालेली प्रत हातात आली ती नव्याने टाइप केलेली. रेघ नव्हती, कलम होतं.

दुसरं कलम त्याहून वाकडं. 'मालकास स्वतःच्या वापरासाठी घर हवे असल्यास सात दिवसांच्या सूचनेनंतर भाडेकरूने पर्यायी जागेत स्थलांतर करावे.' सभ्य भाषा आहे, वाचताना खटकत नाही.

पैसे: टोकन पंचवीस हजार माझ्या फोनवरून यूपीआयने गेले, कारण पाहुण्यांकडे भारतीय खातं नाही. बाकी सहा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट मिळून तीन लाख पस्तीस हजार रोख. एटीएमच्या मर्यादेत ते जमवायला त्यांना बरेच दिवस गेले. त्याने पावती दिली साध्या वहीतल्या कागदावर, 'रिसीव्ह्ड विथ थँक्स'. पुढे हीच पंचवीस हजारांची बँकेतली नोंद कामाला आली. रोकड कुठे गेली ते देव जाणे.

या सगळ्यात खरी खूण एकच होती, फॉर्म सी. परदेशी नागरिक घरात राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन भरायची असते आणि ती जबाबदारी घर देणाऱ्याची. होमस्टेवालीने पहिल्या संध्याकाळी पासपोर्ट-व्हिसाचे फोटो घेऊन हे करून टाकलं होतं. शिवोलीत मी विचारलं की तो म्हणायचा, केलंय, साइट डाऊन होती, प्रिंट उद्या देतो. त्याने भरला नव्हता आणि भरणारही नव्हता. भरला असता तर घरधनी म्हणून स्वतःचं नाव आणि पत्ता सरकारी नोंदीत गेला असता, आणि डिसेंबरात त्याच पत्त्यावर दुसरीच माणसं उतरवणं अवघड झालं असतं. कागदावर ते जोडपं त्या घरात कधी राहायला आलंच नाही, हे त्याला सोयीचं होतं.

डिसेंबर मध्यावर पंप बिघडायला लागला. मग वीज जायची, फक्त त्यांच्याच फ्लॅटची. मग निरोप: मामा कुटुंबासह नाताळला येतोय, पंधरा दिवस दुसरीकडे राहा, नवीन वर्षात परत या. पर्यायी जागा म्हणजे पर्र्याला एका घरामागची खोली, स्वयंपाकघर नाही, संडास अंगणात. मी विरोध केला तर त्याने त्या सात दिवसांच्या सूचनेच्या कलमावर बोट ठेवलं आणि पाहुण्यांना इंग्रजीत वेगळं सांगितलं: तुमची पोलिसांकडे नोंद नाही, तुम्ही बेकायदा राहताय, मी तक्रार केली तर व्हिसा जाईल. म्हातारी माणसं परक्या देशात अशा वाक्याला घाबरतात. त्यांनी सामान बांधलं. जबाबदारी घर देणाऱ्याची असते हे मी त्यांना समजावून सांगेपर्यंत चावी त्याच्या हातात होती.

जानेवारीत कुलूप बदललेलं. आत बंगळूरची पोरं पार्टी करत होती, रात्रीला दहा हजार देऊन. गणित तुम्हीच करा: पंधरा रात्रींचे दीड लाख, आणि आमच्या पाहुण्यांकडून त्याच पंधरा दिवसांचे साडेबावीस हजार त्याने आधीच खिशात घातलेले. डिपॉझिटमधून 'नुकसानभरपाई' आणि पंधरा रुपये युनिटने वीज कापून हातात हिशेबाचा कागद आला, ज्यात उलट आमच्याकडूनच येणं निघत होतं. एवढा निर्लज्जपणा बघून मला खरं तर हसू आलं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं, "तो धनी न्हय रे. तोय भाड्यानच आसा." सोसायटीच्या सेक्रेटरीकडून खऱ्या मालकांचा नंबर मिळाला. त्यांनी या माणसाला अकरा महिन्यांवर फ्लॅट दिलेला, पोटभाडेकरू ठेवायचा नाही या अटीवर, आणि त्यांनाही कित्येक महिन्यांचं भाडं मिळालेलं नव्हतं. भाचा वगैरे कुणी नाही.

पोलिसांनी आधी हा दिवाणी मामला आहे असं सांगितलं. मालकांचं लेखी पत्र आल्यावर, म्हणजे या माणसाला घर दुसऱ्याला द्यायचा अधिकारच नव्हता हे कागदावर आल्यावर, तक्रार फसवणुकीची म्हणून घेतली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली. त्यानंतर त्याने 'मिटवून टाकू' म्हणत टोकनचे पंचवीस हजार माझ्या खात्यात परत टाकले, फक्त तेवढेच, ज्याची नोंद होती तेवढेच.

आता कुणी मला विचारलं की रोजाने घ्यावं की महिन्याने, तर परदेशी माणसाला मी सांगतो, पहिले दोन-तीन आठवडे पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेल्या होमस्टेतच राहा. १९८२च्या कायद्याने ती नोंदणी लागते, दाखवा म्हटलं की दाखवतात. तेवढ्या दिवसांत महिन्याचं घर स्वतः फिरून शोधा, शेजाऱ्यांशी बोला. मालकाच्या नावची घरपट्टीची पावती मागा. गावातलं स्वतंत्र घर असेल तर एक-चौदाचा उतारा बघा, तो आपल्या सातबाऱ्यासारखाच. भाडं महिन्याच्या महिन्याला, बँकेतून. करार जेवढे महिने राहणार तेवढ्याचाच. आणि फॉर्म सीची (२०२५च्या नव्या नियमांपासून फॉर्म ३) प्रिंट हातात आल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. या एका अटीवर दोन एजंटांनी यंदा माझा फोन उचलणं बंद केलं.

पाहुणे एप्रिलमध्ये गेले, उरलेले महिने पुन्हा त्याच होमस्टेत काढून. खऱ्या मालकांनी फ्लॅट ताब्यात मिळावा म्हणून दावा लावलाय. मध्यंतरी एका रशियन जोडप्याने असाच करार दाखवला, शिवोलीचाच, तीच दोन कलमं, तेच वहीतल्या कागदावरचं 'रिसीव्ह्ड विथ थँक्स'. त्यांचा जबाब झालाय. आणखी कुणाकडे असा कागद असेल तर फेकू नका, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप जपून ठेवा आणि पोलिसांत द्या. तक्रारदार जितके जास्त, तितका 'हा दिवाणी मामला आहे' म्हणणं अवघड होतं.