दहा रविवार आणि साडेनऊ हजार रुपये : कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीचा एक धोरणवर्ग

बडोद्यात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी रविवारी भरणारा सार्वजनिक धोरणाचा, म्हणजे सगळे ज्याला ‘पब्लिक पॉलिसी’ म्हणतात त्या विषयाचा, एक खाजगी वर्ग मी नुकताच पूर्ण केला. दहा रविवार, सकाळी नऊ ते एक, अलकापुरीतील एका व्यापारी इमारतीचा तिसरा मजला आणि फी साडेनऊ हजार रुपये. खोली स्वच्छ, पंखे चालू, चहा बेताचा. दहांपैकी तीन रविवार फी वसूल करणारे होते, एक चक्क दिशाभूल करणारा होता आणि उरलेले घरी बसून वाचता येतील असे होते.

मी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कायद्याचे कलम समोर आले की ते राज्यघटनेच्या चौदाव्या, एकोणिसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांवर, म्हणजे समता, स्वातंत्र्य आणि जीविताच्या मूलभूत हक्कांवर, घासून पाहायचे, हे आम्हाला उत्तम शिकवले जाते. ते कलम वैध ठरले की आमचा त्यातला रस संपतो. त्याच्या अंमलबजावणीला माणसे किती लागतील, पैसा कोणाच्या खिशातून येईल आणि ज्याच्यासाठी ते केले त्याच्यापर्यंत ते पोहोचेल का, हे प्रश्न आमच्या परीक्षेत येत नाहीत आणि म्हणून आमच्या डोक्यातही येत नाहीत. वर्गात नाव घालण्याचे माझे कारण एवढेच होते.

तिसऱ्या रविवारी लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शिकवायला आले आणि त्यांनी आम्हाला विधेयक शेवटून वाचायला लावले. विधेयकाने सरकारी तिजोरीवर खर्च पडणार असेल, तर लोकसभेच्या नियमावलीतील ६९व्या नियमानुसार त्याला वित्तीय ज्ञापन, म्हणजे अंदाजे खर्चाचे टिपण, जोडावे लागते. सरकारला नियम करण्याचे अधिकार दिले जात असतील, तर ७०व्या नियमानुसार प्रत्यायोजित विधानासंबंधीचे ज्ञापन जोडावे लागते. विधेयक मंजूर होऊन त्याचा अधिनियम, म्हणजे कायदा, झाला की ही पाने गळून पडतात. आम्ही पाच वर्षे अधिनियमच वाचत आलो, त्यामुळे वर्गातल्या जवळजवळ कोणीही ती पाहिलेली नव्हती, हे कबूल करताना मला थोडी लाज वाटली. त्याच तासात त्यांनी २०१४ साली केंद्र सरकारने ठरवलेले विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण समजावून सांगितले. कायद्याचा मसुदा, सोप्या भाषेतील टिपण आणि अंदाजे आर्थिक भार हे सारे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावे, असे ते सांगते. मात्र ते स्वतः कायदा नाही, त्यामुळे ते न पाळता आणलेले विधेयक केवळ तेवढ्या कारणाने अडत नाही. ‘मग नागरिकाने काय करायचे?’ या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर साधे होते : तीस दिवस मिळाले तर लेखी अभिप्राय पाठवायचा आणि पोच जपून ठेवायची.

पाचवा रविवार वर्गाबाहेर झाला, आणि त्या एका सकाळीसाठी मी हा वर्ग पुन्हा केला असता. २०१४चा पथविक्रेता अधिनियम हाती देऊन आम्हाला लहेरीपुरा दरवाज्यापासून मांडवीपर्यंत मंगळ बाजारात फिरवले. एका बाजूला न्यायमंदिराची भव्य इमारत आणि तिच्या सावलीत ओढण्या, बांगड्या, प्लास्टिकची भांडी मांडून बसलेली माणसे. अधिनियम म्हणतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये. शहर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेते असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यावी. २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १६.७ लाख होती, म्हणजे ही मर्यादा एक्केचाळीस-बेचाळीस हजारांच्या घरात जाते. हा गुणाकार मी त्या रस्त्यावर उभी राहून पहिल्यांदा केला. खरी गोष्ट त्यापुढे कळली. बांगड्या विकणाऱ्या एका मावशींना माझ्या मैत्रिणीने त्या कधी बसतात असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की घरचे आवरून चारनंतरच येते, आज सणाची गर्दी म्हणून सकाळी आले. साऱ्या अधिनियमाचा डोलारा सर्वेक्षणावर उभा आहे, आणि सर्वेक्षण करणारा सकाळी अकरा वाजता येऊन गेला तर कायद्याच्या लेखी मावशी विक्रेत्याच नाहीत. हे कोणत्याही निवाड्यात सापडत नाही.

सातव्या रविवारी बडोदे संस्थानाचा विषय निघाला, पण त्याला जेमतेम अर्धा तास मिळाला. बडोद्यात वर्ग घ्यायचा आणि सयाजीरावांचे कायदे ओझरते सांगायचे, हा मला अपव्यय वाटतो. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात झाला आणि सर्व संस्थानाला तो १९०६ साली लागू झाला. आधी छोट्या जागी करून पाहणे आणि मग पसरवणे, हे आज ज्याला पथदर्शी प्रकल्प म्हणतात तेच आहे. याउलट १९०४च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली दंड होत राहिले आणि दंड भरून लग्नेही होत राहिली. एकाच राजाचे दोन कायदे आणि त्यांचे दोन वेगळे मार्ग. एवढ्यावर एक पूर्ण रविवार सहज रंगला असता. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आजोबांना हे सांगितल्यावर त्यांनी उलट मलाच विचारले की ज्यांना सयाजीरावांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, त्या बाबासाहेबांचे नाव शिकवणाऱ्यांनी घेतले की नाही. घेतले नव्हते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिणारा बॅरिस्टर हेच आमच्या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण असताना ते राहून जावे, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

आता दिशाभूल करणारा रविवार, म्हणजे नववा. ‘करिअर’ या नावाखाली त्या दिवशी फेलोशिप आणि नोकरी यांची सरमिसळ करण्यात आली. पीआरएस या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१० पासून चालू आहे. तीत पंचवीस वर्षांपर्यंतचे पदवीधर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदाराबरोबर काम करतात आणि नंतर ती संपते. वर्गात मात्र ती जणू कायमची वाट असल्यासारखी मांडली गेली. बाहेरगावी राहण्याचा खर्च, मुदत संपल्यावर सनद घेऊन वकिलीकडे वळायचे की धोरणविषयक पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, यांवर एक शब्दही निघाला नाही. मध्यमवर्गीय घरातील मुलीला आईवडिलांसमोर नेमकी हीच उत्तरे द्यावी लागतात.

मसुदालेखनाचा तास तर नावापुरता होता. दीड तासात कोणीही कलम लिहायला शिकत नाही, आणि लिहून दिलेला सराव तपासून परतही आला नाही. केंद्रीय विधि मंत्रालयाच्या विधायी विभागाची मसुदालेखन प्रशिक्षण देणारी संस्था १९८९ पासून आहे, एवढी माहिती तरी द्यायला हवी होती. सर्व टिपणे इंग्रजीत होती. गुजरातमधील शासन निर्णय आणि महापालिकेचे ठराव गुजरातीत निघतात, तेव्हा निदान एक तरी गुजराती ठराव वाचून घ्यायला हवा होता. आम्हा मराठी घरांतल्या मुलांनाही सरकारी गुजराती वाचताना अडखळायला होते.

वकिली हेच ज्याचे पक्के ध्येय आहे त्याने हा वर्ग टाळला तरी बिघडत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला असलेल्या आणि ‘हा कायदा चालतो का?’ असा प्रश्न पडू लागलेल्या विद्यार्थ्याने तो जरूर करावा, मात्र पैसे भरण्यापूर्वी तिसरा आणि पाचवा रविवार त्याच शिक्षकांकडे आहे का, हे कार्यालयात स्पष्ट विचारून घ्यावे. पुढच्या तुकडीत मसुदालेखनाला दोन रविवार देणार असल्याचे संचालकांनी समारोपाच्या दिवशी सांगितले. माझा पहिला सराव अजून त्यांच्याच कपाटात आहे. तो लाल शाईने तपासून परत आला, तर धाकट्या भावाचे नाव नोंदवायला मी स्वतः जाईन.